पासवर्डची मुदत आणि सर्व्हरची जबाबदारी

रिमोट ॲक्सेस सर्व्हर म्हणजे संस्थेच्या संगणक जाळ्याचे बाहेरच्या बाजूला उघडणारे दार. कर्मचारी असेल तिथून, साध्या इंटरनेटवरून या सर्व्हरशी जोडला जातो. सर्व्हर त्याचे नाव आणि पासवर्ड विचारतो, ओळख पटली की आत सोडतो. पुढे तो माणूस कार्यालयात बसला आहे की शंभर किलोमीटर लांब, याने आतल्या यंत्रणेला काहीच फरक पडत नाही. भिगवण परिसरात अशा दारांची गरज उघड आहे. पुणे-सोलापूर महामार्ग आणि लोहमार्ग या दोन्हींवरचे हे गाव. इथे कागद कारखाना आहे, उजनी धरणाच्या मासळीचा बाजार आहे, बँका आणि पतसंस्थांच्या शाखा आहेत, आणि आजूबाजूला इंदापूर-बारामती पट्ट्यातले साखर कारखाने व त्यांची गट ऑफिसे आहेत. शाखा इथे आणि सर्व्हर बारामतीला, पुण्याला किंवा मुंबईच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये, ही मांडणी आता सर्रास दिसते.

या दारावर पासवर्डचा बंदोबस्त कसा करायचा, याचे एक उत्तर वर्षानुवर्षे दिले जाते. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा हवा. त्यात एक मोठे अक्षर, एक अंक आणि एक चिन्ह हवे. दर ३०, ४५ किंवा ९० दिवसांनी तो बदललाच पाहिजे. आणि एवढे करून काही बिघडले तर दोष कर्मचाऱ्याचा. संगणक विभागाची परिपत्रके, लेखापरीक्षकांच्या तपासणी याद्या, सॉफ्टवेअर पुरवठादारांच्या सूचना, सगळीकडे हेच लिहिलेले असते. हे उत्तर चूक आहे. त्यातली मुदतीची आणि चिन्हांची सक्ती सुरक्षा वाढवत नाही, उलट घटवते. ज्या गोष्टींनी दार खरोखर बंद होते त्या सगळ्या सर्व्हरच्या बाजूला करायच्या असतात, आणि कर्मचाऱ्यावर भार टाकून संस्था मोकळी झाली की नेमक्या त्याच राहून जातात.

ही सक्ती आली कुठून, हे आधी पाहावे लागते, कारण तिच्या समर्थनार्थ पहिला युक्तिवाद हाच असतो की एवढे जग पाळते ते उगाच नसणार. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, २००३ च्या सुमारास ओळख पडताळणीवर एक मार्गदर्शिका तयार केली. तिच्या परिशिष्टात बिल बर यांनी मिश्र अक्षरे, चिन्हे आणि ठरावीक काळाने बदल यांची शिफारस केली. त्यांच्याजवळ खऱ्या पासवर्डांचा अभ्यास करता येईल अशी आकडेवारी नव्हती. आधार होता तो बऱ्याच जुन्या लिखाणाचा. निवृत्त झालेल्या बर यांनीच २०१७ मध्ये एका वृत्तपत्राला सांगितले की त्या शिफारशींपैकी बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टने नवी मार्गदर्शिका काढून चिन्हांची आणि मुदतीची सक्ती करू नये असे म्हटले. २०२५ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीने भाषा आणखी कडक केली. आधी ‘करू नये’ हा सल्ला होता, आता तो स्पष्ट मनाई झाला आहे. पासवर्ड चोरीला गेल्याचा पुरावा असेल तेव्हा मात्र तो बदलायलाच लावायचा, हेही तिथेच लिहिले आहे. ब्रिटनच्या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेने मुदतीची सक्ती २०१७ च्या आधीच नाकारली होती, आणि मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विंडोजच्या शिफारस केलेल्या सुरक्षा मांडणीतून ती काढून टाकली. म्हणजे ज्या जगाचा दाखला दिला जातो ते जग केव्हाच पुढे गेले आहे. इथे मात्र जुने परिपत्रक दरवर्षी नवी तारीख घालून निघते.

मुदतीच्या सक्तीने काय घडते, याची मोजणी झालेली आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावलेल्या सात हजारांहून अधिक खात्यांचे जुने पासवर्ड तपासले. एक जुना पासवर्ड हाती असेल तर पुढचा किती सहज ओळखता येतो, हा प्रश्न होता. सुमारे १७ टक्के खात्यांत पाचपेक्षा कमी प्रयत्नांत नवा पासवर्ड सापडला. चोरलेली पासवर्ड फाइल घेऊन स्वतःच्या यंत्रावर प्रयत्न केले, तेव्हा ४१ टक्के पासवर्ड काही सेकंदांत फुटले. याचे कारण माणसाच्या स्वभावात आहे. बदल लादला की माणूस कमीत कमी बदलतो: शेवटचा १ जाऊन २ येतो, महिन्याचे नाव पुढे सरकते, ॲटच्या जागी हॅश येतो.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर हे जवळून पाहता येते. गाळप हंगामात काटा रात्रंदिवस चालतो. पहाटे दोनच्या सुमारास केनयार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते, चालक थंडीत कुडकुडत काट्यावर चढायची वाट पाहत असतो, आणि क्लार्कच्या पडद्यावर अक्षरे उमटतात की पासवर्डची मुदत संपली, नवा द्या. नवा पासवर्ड मागच्या चोवीसपैकी एकही नसावा अशी अट असते. बाहेर हॉर्न वाजतात. अशा वेळी तो माणूस काय करील? जे पहिले सुचेल ते टाकील, आणि पाळी बदलताना दुसऱ्याला कळावे म्हणून काट्याच्या पावती पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवील. याला निष्काळजीपणा म्हणणे हा त्या कामगारावर अन्याय आहे. काम थांबू नये ही त्याची जबाबदारी आहे आणि तो तीच पार पाडतो आहे. नियम असा केला की तो पाळायचा तर काम अडते आणि काम करायचे तर नियम मोडतो. मग दोष नियम करणाऱ्याचा.

मुदतीच्या बाजूने सर्वांत समंजस वाटणारा युक्तिवाद असा: पासवर्ड चोरीला गेला आणि कोणाला कळलेच नाही, तर निदान ९० दिवसांनी तरी चोराचा रस्ता बंद होईल. हा युक्तिवाद चोर ९० दिवस हातावर हात ठेवून बसतो असे धरून चालतो. कॉसमॉस बँकेची घटना पुण्याला विसरता येणार नाही. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेला बगल देणारी बनावट यंत्रणा हल्लेखोरांनी उभी केली, आणि २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. देशातूनही सुमारे अडीच कोटी गेले, आणि सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरबँक संदेश यंत्रणेमार्गे आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधल्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. पुण्यातल्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले. यात खातेदारांचे पासवर्ड किती दिवसांनी बदलले जात होते याला काडीचेही महत्त्व नव्हते. एकदा आत शिरलेला माणूस आपल्यासाठी दुसरी वाट करून ठेवतो. ज्या पासवर्डने तो आला तो नंतर बदलला तरी त्याचे काही अडत नाही. तीन महिन्यांची मुदत त्याच्यासाठी अडसर नाहीच, आणि प्रामाणिक कर्मचाऱ्यासाठी मात्र ती दर तिमाहीची कटकट आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

चिन्हांच्या सक्तीचा मुद्दा यापेक्षा थोडा गुंतागुंतीचा आहे, कारण त्यामागचे गणित वरवर बरोबर दिसते. कळफलकावर छापता येणारी ९४ चिन्हे आहेत. आठ जागांवर ती पूर्ण यदृच्छेने टाकली तर शक्यतांची संख्या सहा हजार लाख कोटींच्या घरात जाते. पण माणूस ती यदृच्छेने टाकत नाही. मोठे अक्षर पहिले येते, अंक शेवटी येतात, चिन्ह बहुधा ॲट असते. गावाचे नाव, पुढे ॲट, पुढे १२३, हा आकृतिबंध चिन्हांच्या सगळ्या अटी पूर्ण करतो आणि कुठल्याही पासवर्ड फोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या पहिल्याच फेरीत सापडतो. सर्व्हर मात्र हिरवी पट्टी दाखवून शाबासकी देतो. नियमाने समाधान दिले, सुरक्षा दिली नाही.

याहून सुरक्षित आणि लक्षात राहणारा मार्ग अस्तित्वात आहे. फासे टाकून शब्द निवडण्याची पद्धत १९९५ पासून प्रसिद्ध आहे. पाच फासे टाकून आलेल्या आकड्यांवरून ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द घ्यायचा. असे पाच शब्द एकापुढे एक लिहिले की पासवर्ड तयार. त्याच्या शक्यता आठ यादृच्छिक चिन्हांच्या शक्यतांपेक्षा साडेचार हजारांहून अधिक पट भरतात, आणि त्यात एकही चिन्ह लागत नाही. मराठी शब्दांची यादीही करता येते, फक्त एक अडचण आधीच सोडवावी लागते. लॉगिनच्या पडद्यावर देवनागरी कळफलक मिळेलच असे नाही, त्यामुळे शब्द रोमन अक्षरांत टंकावे लागतात, आणि एकच मराठी शब्द दोघेजण दोन स्पेलिंगने लिहितात. म्हणून यादीतच प्रत्येक शब्दाचे एक स्पेलिंग पक्के केलेले हवे. शब्द फाशांनी ठरावेत, मनाने नव्हे, ही अट सोडली तर सगळेच व्यर्थ. मनाने निवडलेले शब्द पुन्हा घर, देव आणि पोरांच्या नावांशीच येऊन थांबतात.

लांबीची जागा देणे हे सर्व्हरचे काम. निस्टच्या २०२५ च्या आवृत्तीनुसार पासवर्ड एवढीच ओळख असेल तिथे किमान १५ अक्षरे हवीत, दुसरा पुरावा (उदाहरणार्थ मोबाइलवरचा आकडा) जोडलेला असेल तिथे किमान आठ चालतात, आणि ६४ अक्षरांपर्यंतचा पासवर्ड स्वीकारण्याची सोय असावी. कित्येक संस्थांच्या लॉगिनमध्ये उलट १२ किंवा १६ अक्षरांची कमाल मर्यादा असते. चिन्हांची सक्ती करायची आणि लांब पासवर्ड नाकारायचा, हा शुद्ध उरफाटा कारभार आहे.

चिन्हांच्या अटीऐवजी सर्व्हरने नकारयादी ठेवावी. आजवर चोरीला गेलेल्या कोट्यवधी पासवर्डांशी नवा पासवर्ड ताडून पाहण्याची सोय सुरक्षा संशोधक ट्रॉय हंट यांच्या संग्रहामुळे २०१७ पासून फुकट मिळते, आणि तीही पासवर्ड बाहेर न पाठवता. पासवर्डवरून काढलेल्या सांकेतिक ठशाची पहिली पाच अक्षरे पाठवायची, जुळणाऱ्या ठशांची यादी परत येते, आणि उरलेली तुलना आपल्याच यंत्रावर होते. पण जागतिक यादीत गावचे सगळे शब्द असतील असे नाही. भिगवण, उजनी, इंदापूर, बारामती, संस्थेचे नाव, संस्थापकांचे नाव, परिसरातल्या देवस्थानांची नावे, बारामती परिवहन कार्यालयाचा एमएच ४२ हा वाहन क्रमांक, चालू हंगामाचे वर्ष, हे शब्द संस्थेने स्वतः यादीत घालावे लागतात. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे आणि दहा परिपत्रकांपेक्षा उपयोगी आहे.

चिन्हांच्या सक्तीवर शेवटचा निकाल अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइनच्या प्रकरणाने दिला. ७ मे २०२१ रोजी या कंपनीला खंडणीखोर हल्ल्यामुळे इंधनवाहिनी बंद करावी लागली. ४४ लाख डॉलरची खंडणी दिली गेली. हल्लेखोर एका जुन्या व्हीपीएन, म्हणजे रिमोट प्रवेशाच्या, खात्यातून आत आले होते. कंपनीचे प्रमुख जोसेफ ब्लाउंट यांनी अमेरिकी सिनेटपुढे सांगितले की त्या खात्याचा पासवर्ड सोपा नव्हता, चांगला गुंतागुंतीचा होता. तो पासवर्ड नंतर चोरीच्या पासवर्डांच्या एका साठ्यात आढळला. त्या खात्याला दुसरा पुरावा जोडलेला नव्हता आणि ते खाते वापरातही नव्हते. परिपत्रकातली चिन्हांची अट तिथे पूर्ण झाली होती. राहिले होते ते सर्व्हर सांभाळणाऱ्यांचे काम.

यावर भिगवणसारख्या ठिकाणी हमखास येणारे उत्तर असे की त्या अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या, इथे कोण कशाला येईल. हा समज सर्वांत घातक आहे, कारण तो खर्च टाळायला निमित्त देतो. हल्लेखोर गाव निवडत नाही. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी, आणि मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की ते सगळे एका साध्या यंत्रावरून पाऊण तासात तपासता येतात. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप नेहमीच्या ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर थेट इंटरनेटला उघडा ठेवला, तर ते यंत्र पुण्यात आहे की पळसदेवला, हे विचारणारा तिकडे कोणी नसतो. पोर्टचा क्रमांक बदलल्यानेही फार तर थोडा वेळ जातो. लहान संस्था किती जवळून जोडलेल्या असतात हे ३१ जुलै २०२४ रोजी दिसले. लहान बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजच्या यंत्रणेला रॅन्समवेअरची बाधा झाली, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ती यंत्रणा तात्पुरती अलग केली, आणि देशभरातल्या सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे डिजिटल व्यवहार अडले. त्यांतल्या बहुतेक बँका कोणाच्या लक्ष्यावर होत्या असे म्हणायलाही जागा नाही.

मग सर्व्हरवर करायचे काय? पहिली गोष्ट साठवणुकीची. सर्व्हरने पासवर्ड जसाच्या तसा कधीही ठेवू नये. त्यावरून काढलेला उलट न फिरवता येणारा ठसा ठेवावा, प्रत्येक खात्यासाठी वेगळे ‘मीठ’, म्हणजे यादृच्छिक अक्षरे, मिसळून. मॉरिस आणि थॉम्पसन यांनी १९७९ मध्येच हे सविस्तर मांडले होते. ठसा काढण्याची पद्धत मुद्दाम संथ हवी, म्हणजे फाइल चोरणाऱ्यालाही एकेका प्रयत्नाची किंमत मोजावी लागते. बीक्रिप्ट १९९९ पासून आणि आर्गॉन २ हे २०१५ पासून याचसाठी आहेत. रिमोट सर्व्हरवर हे तत्त्व एका खुणेने मोडते. चॅप ही १९९० च्या दशकातली ओळख पडताळणीची पद्धत सर्व्हरला मूळ पासवर्ड माहीत असल्याशिवाय चालत नाही. म्हणून विंडोज सर्व्हरमध्ये ‘पासवर्ड उलट फिरवता येईल अशा रीतीने साठवा’ असा एक पर्याय दिलेला आहे. शाखेतला जुना राउटर जोडला जात नाही म्हणून कोणीतरी ती खूण करतो, आणि त्यानंतर ठेवला जाणारा प्रत्येक पासवर्ड व्यवहारतः उघडा पडतो. ती खूण नंतर काढली तरी आधीचे पासवर्ड तसेच राहतात, म्हणून तेव्हा मात्र सर्वांना पासवर्ड बदलायला लावणे योग्य ठरते. त्या बदलाला कारण आहे.

दुसरी गोष्ट, पासवर्ड वाटेत कसा जातो. पॅप ही जुनी पद्धत तो सर्व्हरपर्यंत उघडाच पाठवते. एमएस-चॅप, म्हणजे चॅपचे मायक्रोसॉफ्टचे रूप, याची दुसरी आवृत्ती त्यापेक्षा बरी मानली जाई, पण २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी दाखवले की तिची सगळी संरक्षणशक्ती एका ५६ बिटांच्या किल्लीवर येऊन ठेपते आणि योग्य यंत्रावर ती एका दिवसात सापडते. पासवर्ड २० अक्षरांचा आणि चिन्हांनी भरलेला असला तरी निकाल तोच. पीपीटीपी हे जुने व्हीपीएन याच पद्धतीवर उभे आहे, म्हणून ते बंद करणे हाच उपाय. एमएस-चॅप ठेवायचीच असेल तर टीएलएस या सांकेतिक कवचात आणि सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासूनच ठेवावी लागते. कर्मचाऱ्याने कितीही उत्तम पासवर्ड ठेवला तरी सर्व्हर जुन्या पद्धतीवर असेल तर तो वाया जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तिसरी गोष्ट, अंदाज बांधणाऱ्याला अडवणे. विंडोजचे नवे डोमेन वर्षानुवर्षे काय घेऊन उभे राहत आले ते पाहण्यासारखे आहे: पासवर्डची मुदत ४२ दिवस, किमान लांबी सात, चिन्हांची अट चालू, आणि चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा शून्य. शून्याचा अर्थ मर्यादाच नाही. जो माणूस रोज काम करतो त्याला सहा आठवड्यांनी अडवायचे, आणि जो बाहेरून रात्रभर अंदाज बांधत बसतो त्याला मोकळे सोडायचे! नव्या आवृत्त्यांत दहा चुकांनंतर दहा मिनिटांचे कुलूप मूळ मांडणीतच आले आहे. जुन्या सर्व्हरवर ते हाताने लावावे लागते. मात्र तीन चुकांत खाते कायमचे बंद करण्याचा हट्टही नको. कर्मचाऱ्यांची लॉगिन नावे ठाऊक असलेला कोणीही मग ऐन हंगामात सगळे काटे बंद पाडू शकतो. चुकांगणिक वाढत जाणारी थांबणूक बरी. एकच प्रचलित पासवर्ड सगळ्या खात्यांवर एकेकदा लावून पाहण्याची चाल खातेनिहाय कुलपाला सापडत नाही, म्हणून एकाच पत्त्यावरून येणारे प्रयत्नही मोजावे लागतात.

चौथी गोष्ट दुसऱ्या पुराव्याची, आणि तिच्याइतकी महत्त्वाची दुसरी नाही. अमेरिकेतल्या चेंज हेल्थकेअरमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये हल्लेखोर रिमोट प्रवेशाच्या एका पोर्टलवरून चोरलेल्या पासवर्डने शिरले. त्या पोर्टलला दुसरा पुरावा लावलेला नव्हता, हे मूळ कंपनीच्या प्रमुखांनी अमेरिकी संसदेपुढे मान्य केले. २ कोटी २० लाख डॉलर खंडणी गेली आणि सुमारे १९ कोटी लोकांची माहिती बाहेर पडली. यावर इथला आक्षेप असतो की उजनीच्या काठच्या गावांत मोबाइलला रेंज नसते, ओटीपी येणार कसा? तो एसएमएसने येण्याची गरजच नाही. मोबाइलमधले ॲप घड्याळ आणि आधी दिलेली गुप्त किल्ली यांवरून दर ३० सेकंदांनी नवा आकडा तयार करते. २०११ मध्ये मानक म्हणून ठरलेल्या या पद्धतीला रेंज लागत नाही, इंटरनेट लागत नाही, फक्त घड्याळ बरोबर हवे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना किल्लीच्या जुडग्यात मावणारे टोकन देता येते. एसएमएस हा शेवटचा पर्याय, कारण सिमकार्डच दुसऱ्याच्या नावे काढून घेण्याचे प्रकार होतात. आणि मोबाइलवर नुसते ‘मंजूर’ दाबायला लावणारी पद्धतही पुरेशी नाही: सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटदाराला मंजुरीच्या विनंत्यांनी इतके भंडावले गेले की शेवटी त्याने एक मान्य केली.

पाचवी गोष्ट खात्यांची. एका टेबलाला एक लॉगिन, एका गट ऑफिसला एक लॉगिन, ही पद्धत काम थांबू नये म्हणून सुरू झालेली असते, आणि तिचे समर्थनही त्याच शब्दांत होते. पण उसाच्या वजनावर शेतकऱ्याचे वर्षाचे बिल ठरते. वजनाची नोंद पहाटे तीनला बदलली गेली आणि त्या लॉगिनचा पासवर्ड सहाजणांना ठाऊक आहे, तर दुरुस्ती होती की लबाडी हे कोणालाच सिद्ध करता येत नाही, आणि संशय सहाही जणांवर राहतो. वेगळे लॉगिन ही कर्मचाऱ्यावरची पाळत नसून त्याचे संरक्षण आहे. कायदाही इथे स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क कलमान्वये दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची, १८० दिवसांच्या नोंदी ठेवायच्या आणि यंत्रांची घड्याळे जुळवून ठेवायची. ‘शेतकी १’ या नावाने भरलेल्या १८० दिवसांच्या नोंदी तपास अधिकाऱ्याला काय सांगणार?

साखर कारखान्यात याला एक खास अंग आहे. गाळप संपले की हंगामी कामगार घरी जातात, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारे काही चिटबॉय पुढच्या वर्षी दुसऱ्या कारखान्यावर लागतात, पण त्यांची खाती सर्व्हरवर तशीच राहतात. कलोनियलचे ते खाते असेच कोणाच्या वापरात नव्हते. गाळपाचा शेवटचा दिवस ईडीपी, म्हणजे संगणक, विभागाला माहीत असतो, त्यामुळे हंगामी खात्याला उघडतानाच शेवटची तारीख घालता येते. मुदत पासवर्डला घालण्यापेक्षा खात्याला घालावी. सॉफ्टवेअर पुरवठादाराला दिलेले देखभालीचे खातेही याच मापाने मोजावे: काम असेल तेव्हा उघडायचे, संपले की बंद करायचे. पुरवठादाराच्या सर्व ग्राहकांकडे एकच पासवर्ड असण्याची शक्यता असते, हे लक्षात ठेवावे.

राहता राहिला लेखापरीक्षक. त्याच्या यादीत ९० दिवसांचा रकाना आहे, मग संस्थेने काय करावे? यादी हे कारण असू शकत नाही, कारण त्या यादीचे मूळ मानकच बदलले आहे. कार्डव्यवहारांसाठीचे पीसीआय मानक हे अत्यंत काटेकोर समजले जाते. त्याची २०२२ मध्ये आलेली चौथी आवृत्ती किमान १२ अक्षरे मागते, आणि ९० दिवसांत बदलाची अट पासवर्ड एवढाच पुरावा असेल तिथेच घालते. तिथेही धोक्याचे सतत विश्लेषण हा पर्याय देते. संस्थेने आपले धोरण लेखी मांडावे, निस्टच्या चालू आवृत्तीचा आधार द्यावा, आणि संचालक मंडळाचा ठराव जोडावा. नियामकाचा थेट आदेश असेल तिथे तो पाळावाच लागतो, पण बहुतेक ठिकाणी असा आदेश दाखवा म्हटले की जुने परिपत्रक पुढे येते.

क्रम मात्र सांभाळायला हवा. मुदतीची सक्ती काढणे सर्वांत सोपे आहे, म्हणून ते सर्वांत आधी करण्याचा मोह होतो. दुसरा पुरावा नाही, नकारयादी नाही, चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा नाही, अशा सर्व्हरवरून मुदत काढली तर विरोधकांचे म्हणणे खरे ठरेल. आधी पीपीटीपी आणि उलट फिरणारी साठवण बंद करावी. मग सामाईक आणि बेवारस खाती मोडावीत. मग दुसरा पुरावा लावावा, सुरुवात प्रशासकांच्या आणि पुरवठादारांच्या खात्यांपासून. मग किमान लांबी वाढवून नकारयादी जोडावी, आणि त्या वेळी सर्वांना एकदाच नवा, लांब पासवर्ड घ्यायला सांगावे. हे सगळे ऑफ सीझनमध्ये, काटा बंद असताना करावे. मुदतीच्या रकान्यात शून्य भरायचे ते त्यानंतर.